आकडा सरकला, फिल्म सरकली का?

समजा, घरातला जुना ३५ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन तुम्ही धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गला गेलात. बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल, बुरूज, सारे टिपले. आकडा ३६ वर आला. फिल्म धुतली, तर ती कोरी! असे का व्हावे?

तरफ ओढली की आतले आठ दात्यांचे चक्र एक फेरा फिरते. फिल्मच्या कडेची छिद्रे ४.७५ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे एका फेऱ्यात फिल्म ८ × ४.७५ = ३८ मिलिमीटर सरकते; ३६ चित्राला, २ मधल्या फटीला. परंतु पुष्कळ कॅमेऱ्यांतला आकडा मोजतो तरफेचे हेलपाटे. दात्यांवर फिल्म बसली आहे की नाही, याचा त्याला पत्ताच नसतो!

परीक्षा सोपी आहे. झाकण लावल्यावर डावीकडची फिल्म गुंडाळण्याची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून सैलपणा काढा. मग तरफ ओढा. मूठ आपोआप उलटी फिरली, तर फिल्म सरकते आहे. स्तब्ध राहिली, तर फिल्मचे टोक रिकाम्या रिळाच्या खाचेतून सुटले असे समजा व ते पुन्हा नीट अडकवा.

शेवटी तरफ मध्येच अडली, तर जोर मुळीच करू नका. बहुधा फिल्म संपलेली असते. जोराने छिद्रे फाटतात आणि तरफ पुन्हा छान फिरू लागते, हे तर अधिकच फसवे! तळाची कळ दाबून फिल्म उलट गुंडाळा. छिद्रे फाटून तीही गुंडाळली जात नसेल, तर झाकण पूर्ण काळोखातच उघडा.