प्रवेशिका, सन्मानिका आणि गटांचा हिशोब

गावोगावचे नाट्यमहोत्सव, एकांकिका स्पर्धा, संगीत समारोह कार्यकर्त्यांच्या बळावर उभे राहतात. नोकरी-धंदा सांभाळून ही मंडळी संध्याकाळी पास विकतात आणि रात्री खुर्च्या मांडतात. इतकं करूनही महोत्सव संपला की समितीत कटुता येते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा पासांबद्दलच्या आणि पैशांबद्दलच्या काही घट्ट बसलेल्या चुकीच्या समजुती असतात.

‘पास थोडे जास्तच छापा, सगळे थोडेच येतात?’ ही त्यातली सगळ्यांत धोक्याची. मोफत प्रवेशिका घेतलेले अनेक जण फिरकत नाहीत, हे खरं. पण पैसे मोजलेला माणूस सहसा येतोच, आणि शेवटच्या दिवशी नावाजलेला कलाकार असला की मोफतवालेही हजर होतात. म्हणून छपाईचा आकडा सभागृहाच्या प्लॅनवरूनच ठरवायला हवा. समजा, ८०० खुर्च्या आहेत. साउंडच्या टेबलामुळे अडणाऱ्या, परीक्षकांच्या, कलाकारांच्या घरच्यांच्या, प्रायोजकांच्या आणि व्हीलचेअरसाठी मोकळ्या ठेवायच्या अशा १०० जागा वजा केल्या, तर विकायला ७०० उरल्या. त्यातले तीन दिवसांचे सीझन पास ४५० गेले, की प्रत्येक दिवसासाठी फक्त २५० एकदिवसीय पास उरतात. सीझन पास तिन्ही दिवशी एकेक खुर्ची अडवतो. पहिल्या दिवशी ती रिकामी राहिली म्हणून तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला देता येत नाही. हे गणित कागदावर न मांडता ‘आणखी दोनशे सीझन काढू’ म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी पास हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रेक्षकांची बोलणी डोअरकीपर खातो.

‘वाटेत, पायऱ्यांवर बसवून घेऊ’ हा त्यावरचा नेहमीचा तोडगा कुणीही करू नये. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या आगीत ५९ माणसं गेली. वाढीव खुर्च्यांनी बाल्कनीतली बाहेर पडायची वाट अडवलेली होती. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्याच महोत्सवात, खुल्या रंगमंचाच्या प्रवेशद्वाराशी चेंगराचेंगरी होऊन चौघांचा जीव गेला. पाऊस आला आणि बाहेर थांबलेली गर्दी आत घुसली. आत किती आणि बाहेर किती, हे दारावरच्या कार्यकर्त्याला सतत ठाऊक असलं पाहिजे, आणि अंदाजाने छापलेल्या पासांनी ते कधीच कळत नाही.

दुसरा गैरसमज: ‘पास वाटले, म्हणजे विकले गेले.’ पास कार्यकर्त्याच्या हाती दिला की तो फक्त जागा बदलतो. वहीत एक ओळ अशी दिसायला हवी: क्रमांक २०१ ते २२५, दिले २५, विकले १७, सन्मानिका ३, परत ५. बेरीज जुळली. ३०० रुपयांप्रमाणे १७ पासांचे ५,१०० यायला हवेत, आले ४,५००. म्हणजे दोन पासांचे पैसे कुठेतरी अडकलेत. त्याच रात्री विचारलं तर लगेच कळतं की दोन पास शेजारच्या काकूंना उधारीवर दिलेत. पंधरा दिवसांनी विचारलं तर कुणालाच आठवत नाही आणि एका प्रामाणिक मुलावर उगाच संशय येतो. म्हणून प्रत्येक पासावर क्रमांक हवा, स्थळप्रत जपायला हवी आणि सन्मानिकांचा रंग वेगळा हवा. सन्मानिका फुकट असते ती घेणाऱ्याला. समितीला ती एका खुर्चीच्या किमतीला पडते. त्यामुळे प्रत्येक गटाचा कोटा आधीच ठरलेला बरा.

क्यूआर कोड आला म्हणजे हे सगळं सुटलं, असंही नाही. कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर दहा जणांकडे जातो. स्कॅन होताच तो ‘वापरला’ अशी नोंद झाली, तरच दुसरा माणूस अडतो. नेटवर्क गेलं आणि दोन दारांवरचे फोन एकमेकांशी जोडलेले नसले, की तोच कोड दोन्हीकडे चालतो.

आता गटांचं बजेट. सजावट गटाला ४०,००० मंजूर झाले, २२,००० खर्च झाले. गटप्रमुख सांगतो, अजून १८,००० आहेत. पण फुलवाल्याला १५,०००ची ऑर्डर देऊन झालेली असते, फक्त बिल यायचं असतं. हातात खरे तीन हजारच. मंजूर, शब्द देऊन बसलेले आणि प्रत्यक्ष दिलेले, असे तीन रकाने नसतील तर प्रत्येक गट आपापल्या जागी बरोबर असतो आणि महोत्सव तोट्यात जातो. याहून वाईट सवय म्हणजे दारावर जमलेल्या रोख पैशांतून चहावाल्याला परस्पर देणं. त्यात विक्रीही कमी दिसते आणि खर्चही. विक्रीचे पैसे आधी पूर्ण जमा करावेत. किरकोळ खर्चासाठी वेगळा ॲडव्हान्स द्यावा आणि पहिल्याची बिलं आल्याशिवाय दुसरा देऊ नये.

‘आपण नफ्यासाठी करत नाही, मग कर कसला?’ हेही सर्रास ऐकू येतं. नाटक किंवा मैफलीच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्याला जीएसटीतून सूट आहे. त्यावरच्या मूल्याला ती नाही. प्रायोजकाच्या जाहिरातीचे पैसेही वार्षिक उलाढालीत धरले जातात, आणि उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणीचा प्रश्न येतो. पासावर ‘देणगी’ छापल्याने खुर्चीची किंमत आयकर सवलतीची देणगी ठरत नाही. ‘आपण हौशी’ म्हणून नाटककाराचं मानधनही टळत नाही: कॉपीराइट कायद्यात हौशी संस्थेला सवलत आहे, पण प्रेक्षक पैसे न देणारा असेल किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तरच.

आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत खोल रुजलेला गैरसमज: हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. वही नसली तर आळ येतो तो रात्री उशिरापर्यंत पैसे सांभाळणाऱ्यावर, म्हणजे सर्वांत जास्त राबणाऱ्यावरच. त्याच्यासाठीच रोज रात्री दोघांनी मिळून रोकड मोजावी, दोघांनी सह्या कराव्यात, आणि खजिनदाराची वही त्याच्या गटाबाहेरच्या माणसाने तपासावी.