ओल्या वाळूतील धातुशोध
धातुशोधक यंत्राच्या चकतीतून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र भूमीतील धातूत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहाचे प्रतिक्षेत्र चकतीस जाणवते, एवढ्याच तत्त्वावर हा सारा छंद उभा आहे. १८८१ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातील गोळी शोधण्याचा निष्फळ प्रयत्न ग्रॅहॅम बेलने अशाच यंत्राने केला, तेव्हा बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात; समुद्रकिनारी तोच घोटाळा खारे पाणी करते. कोरड्या वाळूत निमूट असणारे यंत्र भरतीरेषेखाली उतरताच, खारट ओल स्वतःच विद्युद्वाहक असल्याने, निष्कारण किरकिरू लागते. म्हणून तेथे संवेदनक्षमता थोडी उतरवावी, भूमि-संतुलन ओल्या वाळूवरच नव्याने साधावे, आणि ऐपत असल्यास स्पंदपद्धतीचे यंत्र घ्यावे, कारण त्यास मिठाची फारशी तमा नसते. कचरा गाळणारी कळ मात्र जपून फिरवावी. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी यांचा सूर इतका जुळतो की, कडी टाळणारा बहुधा अंगठीसही मुकतो. आपल्याकडे आणखी एक पथ्य आहे: १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी लागते.