घरातले शास्त्र, लेखांक ९ : बर्नरची छिद्रे आणि देवापुढचा दिवा

नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे नरसिंहपूर म्हणजे इंदापूर तालुक्याचे आणि पुणे जिल्ह्याचेही आग्नेयेकडचे टोक. दोन्ही नद्यांच्या पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. इथला लक्ष्मी-नृसिंह महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे कुलदैवत आहे. वैशाख शुद्ध षष्ठीपासून चतुर्दशीच्या जयंतीपर्यंत नृसिंहाचे नवरात्र चालते. या दिवसांत ज्या घरांत नवरात्र बसते, तिथल्या स्वयंपाकघरांवर वर्षातला सगळ्यांत मोठा भार पडतो. पुरणाची डाळ, खिरीचे दूध, भाताची मोठी पातेली, आणि देवापुढे नऊ दिवस न विझणारा दिवा. मागच्या लेखांकात चुलीच्या धुराचा विचार केला, आज गॅसच्या शेगडीचा करू. शेगडीची सफाई आपण टापटिपीच्या खात्यात टाकली आहे. ती खरे म्हणजे आगीपासूनच्या बचावाच्या खात्यातली गोष्ट आहे. ओटा चकचकीत आहे आणि शेगडी धोक्याची आहे, असे एकाच वेळी असू शकते, कारण आपण पुसतो तो पत्रा, आणि बिघडते ती हवेची वाट.

ही हवेची वाट आधी समजून घ्यायला हवी. आपल्या टाकीतला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे चोवीस लिटर हवा लागते, ब्यूटेनला एकतीस. यातली काही हवा ज्योतीला बाहेरून मिळते, पण बरीचशी हवा गॅस बर्नरपर्यंत पोचण्याआधीच त्याच्यात मिसळलेली असावी लागते. शेगडीच्या पोटात जेट असते. त्याचे छिद्र मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यातून गॅस जोराने सुटतो आणि त्या जोरावर शेजारच्या उघड्या तोंडातून हवा आपल्याबरोबर ओढत मिश्रणनळीत शिरतो. पुढे बर्नरच्या टोपीच्या छिद्रांतून हे मिश्रण बाहेर पडते आणि निळ्या ज्योतीने जळते. टोपीची निम्मी छिद्रे डाळीच्या फेसाने बुजली, तर मिश्रणाला पुढे जायला वाट कमी पडते, नळीत दाब साचतो आणि आत ओढली जाणारी हवा घटते. गॅस मात्र जवळपास तेवढाच येत राहतो. मग ज्योत पिवळी, लांब आणि लवलवती होते. न जळलेला कार्बन काजळी होऊन पातेल्याच्या बुडाला बसतो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. खिडकी लावलेल्या लहान खोलीत तो साचला तर डोके दुखते, मळमळते, आणि प्रमाण वाढले तर माणूस बेशुद्ध होतो. शेगडीसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ४२४६ मध्ये, किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला मिळावी अशी अट आहे. ती नव्या, स्वच्छ बर्नरवर तपासलेली असते. बुजलेल्या बर्नरवर तिची खात्री कोणी देऊ शकत नाही.

धोक्याची दुसरी वाट याहून लवकर पोचते. हरभऱ्याची डाळ शिजताना फेस चढतो, दूध एका क्षणात वर येते, भाताची पेज झाकण उचलते. ऊतू गेलेले पदार्थ एकाच वेळी दोन कामे करतात. एक म्हणजे छिद्रे बुजवतात. दुसरे म्हणजे, आच मंद असेल तर ज्योत विझवतात. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. बटण उघडेच राहते आणि गॅस वाहत राहतो. आधीच बुजलेल्या बर्नरची दुबळी ज्योत तर उघड्या दारातून आलेल्या वाऱ्यानेही विझते. म्हणजे कालची न केलेली सफाई आजची ज्योत विझण्याची शक्यता वाढवते. अस्वच्छता आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ही आपली समजूत इथेच चुकते.

हा गॅस जातो कुठे? एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून तो ओट्यावरून खाली उतरतो. एक ढोबळ हिशोब करून पाहू. मोठा बर्नर पूर्ण उघडा असेल तर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस सुटतो, म्हणजे पासष्ट-सत्तर लिटर. हवेत एलपीजीचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. आठ बाय आठ फुटांची, नऊ फूट उंचीची खोली धरली आणि गॅस तिच्यात सगळीकडे सारखा पसरला असे मानले, तर दोन टक्क्यांना पोचायला पाच तास लागतील. पण तोच गॅस जमिनीलगतच्या एका फुटात साचला, तर अर्धा तास पुरतो. प्रत्यक्षात तो काही मिसळतो, काही साचतो, आणि खरे उत्तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. खालून फळ्यांनी बंद केलेल्या ओट्यात टाकी ठेवली असेल आणि गळती तिथेच असेल, तर साचायला जागा आणखी लहान, म्हणून वेळही कमी.

आता नरसिंहपूरसारख्या गावातल्या घराची रचना आठवा. अनेक घरांत गॅस आला, पण चूल गेली नाही. उसाचे पाचट, तुरीच्या काड्या, वेड्या बाभळीचे सरपण फुकट किंवा स्वस्त मिळते, म्हणून आंघोळीचे पाणी, भाकरी, मोठा स्वयंपाक चुलीवर होतो आणि चहा-भाजी गॅसवर. ही काटकसर समजण्यासारखी आहे. पण चूल जमिनीवर असते, तिचा निखारा जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे उतरलेला गॅस जिथे येऊन थांबतो नेमक्या त्याच पातळीवर. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर समई आणि नंदादीपही पाटावर, त्याच पातळीवर. ज्या नऊ दिवसांत पातेली सर्वांत जास्त वेळा ऊतू जातात, त्याच नऊ दिवसांत खोलीत एक उघडी ज्योत रात्रंदिवस तेवत असते. कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांत तर भिंत आणि छप्परही पाचटाचे असते. तिथे लहान टाकी आणि शेगडी जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवलेली असते, शेगडी टाकीपेक्षा उंच हवी हा नियम पाळायला ओटाच नसतो. त्यांची अडचण सफाईच्या सल्ल्याने सुटणार नाही. ती मुकादम आणि कारखाना यांनी पक्क्या निवाऱ्याची व्यवस्था करूनच सुटेल, आणि ती त्यांचीच जबाबदारी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वासाचा. गॅस सुटला तर वास येतोच की, मग एवढी चिंता कशाला? एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. पेट घेण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्श्यावरच तो ओळखू यावा, असा त्यामागचा हेतू आहे. ही सोय फार मोलाची आहे, तिने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही. पण तिच्या मर्यादा लक्षात घ्या. गॅस खाली आणि उभ्या माणसाचे नाक पाच फुटांवर. खोलीत धूप, उदबत्ती, वेलदोड्याचे पुरण, तळणीचा वास. शिवाय नाकाला एकाच वासाची सवय होते, तासभर त्याच खोलीत असलेल्या बाईला जे जाणवत नाही ते बाहेरून आलेल्याला दारातच जाणवते. सर्दीने किंवा वयाने घ्राणशक्ती गेलेल्या आजींना तर तो येणारच नाही. ज्या यंत्रणेला एवढ्या अटी आहेत, ती शेवटची राखण असावी, एकमेव नसावी.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि आदराने ऐकण्यासारखा आहे : चुलीच्या धुरापुढे हे सगळे किरकोळ आहे, गॅसची भीती घातली तर लोक पुन्हा चुलीकडे वळतील. चुलीच्या धुराने डोळे आणि फुफ्फुसे जातात, हे खरेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात ५८.६ टक्के निघाली, आणि १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा त्यात मोठा वाटा आहे. पण ही जोडणी घरात येताना शेगडी, नळी आणि टाकी आली. त्यांच्या देखभालीची ओळख मात्र फार थोड्या घरांत नीट पोचली. चुलीची राख काढणे हे ज्ञान आजीकडून नातीकडे आले होते, बर्नरचे ज्ञान देणारी आजी अजून घडायची आहे. स्वच्छ इंधन स्वच्छ बर्नरवरच स्वच्छ जळते. पिवळ्या ज्योतीचा गॅस काही अंशी चुलीचेच दुखणे घरात परत आणतो. म्हणून देखभाल शिकवणे म्हणजे गॅसविरुद्ध बोलणे नव्हे.

प्रत्यक्ष सफाईची पद्धत सोपी आहे, तिचा क्रम मात्र सोडू नये. आधी रेग्युलेटर बंद, मग शेगडीची बटणे बंद, मग शेगडी पूर्ण गार होऊ द्यायची. गरम बर्नरवर गार पाणी ओतणे किंवा काचेच्या तापलेल्या शेगडीवर ओले फडके फिरवणे ही घाई महागात पडते, काच तडकते. टोपी उचलून कोमट साबणाच्या पाण्यात भिजत घालावी. पितळी टोपीला चिंच किंवा लिंबू चालते, पण लगेच भरपूर पाण्याने धुवावे. जुन्या मऊ दातघासणीने बाजू, आणि बारीक काडीने एकेक छिद्र मोकळे करावे. गूळ करपून बसला असेल तर खरवडण्यापेक्षा रात्रभर भिजवणे बरे. संडास साफ करायचे ॲसिड पितळ खाते. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातात, आणि अनेक शेगड्यांच्या मिश्रणनळ्या ॲल्युमिनियमच्याच असतात. ही रसायने शेगडीजवळ आणूच नयेत. धुतलेली टोपी उन्हात पूर्ण वाळवावी आणि खाचेत नीट बसवावी. तिरकी बसली तर एका बाजूने ज्योत उसळते, दुसरीकडे मरते. फारसा न वापरला जाणारा दुसरा बर्नरही पाहावा, कारण त्याच्या नळीत कोळी जाळे करतो, झुरळे शिरतात.

‘कंपनीचा माणूस असताना आपण हात का लावायचा’ या शंकेला उत्तर आहे, पण ते अर्धेच. हाताने सहज उचलून येते ती टोपी आणि भांडी ठेवायची जाळी, ती आपली. स्क्रू काढावा लागतो ते जेट, बटणाचा कॉक, नळीची जोडणी, हे सगळे कारागिराचे. जेटमध्ये सुई घालून कचरा काढण्याचा मोह अनेकांना होतो. छिद्र केसभर मोठे झाले तरी गॅस वाढतो, हवा तेवढीच राहते आणि पिवळी ज्योत कायमची होते. नारिंगी सुरक्षा नळी मात्र आपणच पाहायची. तिच्यावर छापलेली तारीख वाचा, पाच वर्षांनी ती बदलायची असते, आणि ती दीड मीटरपेक्षा लांब नको. उसाच्या रानाला लागून असलेल्या घरांत उंदीर येतातच, म्हणून ओट्यामागचा तिचा न दिसणारा भाग बोटांनी चाचपावा. तिला कापड किंवा प्लास्टिक गुंडाळून ‘स्वच्छ’ ठेवले तर भेग झाकली जाते. गळतीची शंका आली तर जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत, काडी पेटवून कधीही पाहू नये.

ज्योतीच्या रंगाबद्दल एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर विनाकारण घबराट होईल. विहिरीचे, बोअरचे पाणी मचूळ असेल, त्यात क्षार असतील, तर धुतलेल्या बर्नरवर ते पांढरे डाग ठेवतात, आणि त्यातल्या सोडियममुळे ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतात. मिठाचा कण पडला तरी तेच होते. ती हवेची कमतरता नव्हे. खरी परीक्षा पातेल्याच्या बुडाशी आहे. घासलेल्या भांड्याला दोन-तीन वापरांत काजळी धरत असेल, तर हवा कमी पडते आहे आणि बर्नर उघडलाच पाहिजे. बूड स्वच्छ राहत असेल तर नारिंगी ठिणग्यांची काळजी सोडा, फक्त शेवटच्या खळबळण्याला गोडे पाणी वापरा आणि टोपी कोरडी पुसा.

नवरात्राच्या गडबडीत रोज टोपी धुणे होणार नाही, हा आक्षेप मान्य करायला हवा. म्हणून पंचमीला, घट बसण्याआधी, एकदा पूर्ण सफाई करा, आणि त्या दिवसांत एवढे तीनच पाळा : डाळ आणि दूध नेहमीपेक्षा मोठ्या पातेल्यात ठेवा, ऊतू गेले की आधी बटण बंद करा आणि मग फडके शोधा, आणि शेगडी व अखंड दिवा एका खोलीत ठेवू नका. जागेअभावी एकाच खोलीत ठेवावे लागले तर दिवा जमिनीवर न ठेवता शेगडीपासून लांब, उंच कोनाड्यात ठेवा. उंचावर ठेवल्याने देवाचा मान कमी होत नाही. रात्री निजताना रेग्युलेटर बंद आहे ना, हे घरातल्या एका ठरलेल्या माणसाने पाहावे. सगळ्यांचे काम कोणाचेच नसते.

एवढे करूनही वास आलाच, तर विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, जवळपास दिवा, चूल किंवा उदबत्ती पेटती असेल तर ती विझवा, दारे-खिडक्या उघडा आणि मुला-म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर अंगणात या. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो. तो आजच स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा, आणि लावायची वेळ आली तर फोन घराबाहेर येऊनच लावा.