मुरगावसमोरचे कौलांचे जहाज

सुरगाण्यात मे महिन्याच्या अखेरीस घर शाकारायला काढले, की कौले अंगणात उतरतात. शेवाळ खरवडून कौल उलटे केले, तर पोटाला कारखान्याचा ठसा दिसतो. असाच एक ठसा गोव्यात, मुरगावसमोरच्या समुद्रात, सेंट जॉर्ज रीफच्या तळाशी सापडला आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे-संशोधक तिथे उतरले, तेव्हा खाली मंगळुरी कौलांचा, विटांचा, आढ्यावरच्या कोन्यांचा खच पडलेला होता. खांबांच्या डोक्यावर बसवायची नक्षीदार मातीची शीर्षेही त्यात होती. कुणाचे तरी घर रस्त्यातच बुडाले, असे म्हणायला हरकत नाही.

ठसा 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असा. उतावळा माणूस जहाज १८६५ साली बुडवून मोकळा होईल. पण ते साल कौलाचे नव्हे, कारखान्याचे. जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात त्या साली कारखाना काढला आणि पुढेही तोच आकडा कौलांवर उमटत राहिला. जहाज त्यानंतरचे, एवढेच कौल सांगते.

जवळच्याच सुंची रीफवरचे जहाज याहून जुने, सतराव्या शतकातले. तिथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांडी मिळाली. माल भारी, म्हणून हौशी हातांची भीतीही जास्त. बरे, हेतू चांगला असला तरी वस्तू वर काढून भागत नाही. मातीचे भांडे तसेच सुकू दिले, तर आत मुरलेल्या मिठाचे खडे होतात आणि पापुद्रे सुटतात. पाणी बदलत महिनोन् महिने ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे लागते. युनेस्कोच्या २००१ च्या कराराचा पहिला आग्रह म्हणूनच असा, की शक्यतो जिथले तिथेच राहू द्या. भारत त्या करारात नाही.

आपला १९५८ चा पुरातत्त्व कायदा काय आणि हा करार काय, दोघांचाही हिशेब शंभर वर्षांचा. कौलांचे जहाज त्यात बहुधा बसते. विशाखापट्टणमसमोर मात्र १९४४ साली बुडालेली जपानी आरओ-११० आणि १९७१ सालची पाकिस्तानी गाझी या दोन पाणबुड्या आपापल्या खलाशांसह तळाशी आहेत. त्यांची शंभरी भरायला अनुक्रमे २०४४ आणि २०७१ साल उजाडेल. नौदलाने तेवढी वाट न पाहता गाझीला आहे तिथेच राहू दिले आहे.