काटकसर यंत्रात करा, हिशेबाच्या नकलेत नको

एका पावसाळ्यात आमच्या दुकानातला संगणक सकाळी सुरूच झाला नाही. रात्री वीज दोन-चार वेळा गेली-आली, एवढेच निमित्त. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क कानाशी धरली आणि मान हलवली. तिच्यात तीन वर्षांची उधारी होती. चादर-टॉवेलचा धंदा उधारीवर चालतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

थोरला म्हणाला, "अब्बा, आता नवाच घेऊ." धाकटी कॉमर्सला आहे. ती म्हणाली, "यंत्राचं राहू द्या, हिशेबाची नक्कल कुठे आहे?" नक्कल नव्हतीच. पेन ड्राइव्हचे चार-पाचशे रुपये मी वाचवले होते! पुढे दोन महिने घरातले सगळे बिलबुके उघडून उधारी उतरवत बसले. ज्यांची बिले सापडली नाहीत त्यांचा हिशेब त्यांच्या इमानावर सोडला. काहींनी आपणहून पैसे आणून दिले, काही आजही नजर चुकवतात.

खरे तर हा धडा आपल्या मागावरच होता. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर उठते. हे यंत्र फ्रान्सच्या जाकार नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास तयार केले. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. इंग्लंडच्या बॅबेजने १८३० च्या दशकात हीच युक्ती आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेची मोजणीही भोके पाडलेल्या पत्त्यांवर झाली. म्हणजे संगणक हा मागाचाच नातलग. पुठ्ठा फाटला तरी नक्षीचा आलेख-कागद जपलेला असेल तर नवा पुठ्ठा पाडता येतो. कागदच गेला तर नक्षी गेली.

नवा संगणक आम्ही घेतला नाही. जुन्यातच फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली. यंत्र झटपट चालू लागले. आपल्या दुकानांत सुताचा भुगा फार. तो पंख्यात अडकतो आणि यंत्र तापते. म्हणून महिन्यातून एकदा वीज बंद करून ब्रशने सफाई होते. यूपीएसही घेतला. मेमरी वाढवण्याचे मात्र लांबणीवर टाकले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जगभर चढले होते.

एक सावधगिरी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्याआधी जाणकाराला विचारावे. लिनक्स फुकट मिळते, पण आपला हिशेबाचा प्रोग्रॅम त्यावर चालतो का, हे आधी पाहावे.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तपासणीच्या वेळी 'डिस्क गेली' म्हणून भागत नाही. म्हणून आता दर शुक्रवारी दुकान बंद करताना धाकटी दोन नकला काढते. एक दुकानाच्या कपाटात राहते, दुसरी घरी.

आमच्या घरी चादर जुनी झाली की आधी अंथरायला, मग इस्त्रीच्या टेबलावर आणि शेवटी पुसायला जाते. काटकसर ती हीच. चार-पाचशे रुपये वाचवून तीन वर्षांची उधारी घालवणे हा निव्वळ तोटा. आज दुकान बंद करण्यापूर्वी आपली नक्कल कुठे आहे, तेवढे एकदा पाहून घ्या.