रक्त का व कसे बदलते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरतात. तेथे एखादा धडधाकट तरुण उत्साहाने बाही वर करून येतो आणि "हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली आहे, तुमचे रक्त घेता येणार नाही" असे ऐकून हिरमुसला होऊन परततो. "मागच्या वर्षी तर घेतले होते!" हे त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु मागच्या वर्षीच्या तांबड्या पेशी आज त्याच्या अंगात उरलेल्याच नसतात. महासतिपट्ठान सुत्तात शरीराची जी अंगे मोजली आहेत त्यांत 'लोहित' म्हणजे रक्तही आहे, आणि अनित्यतेचा याहून जवळचा दाखला आम्हांला तरी ठाऊक नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पातळ द्रवाचा, उरलेला बहुतेक सारा तांबड्या पेशींचा. एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी प्लीहा व यकृत मोडून काढतात, त्यांतील लोह साठवतात, आणि हाडांतील मगज दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार करतो. किती करायच्या याचा हुकूम मूत्रपिंडांकडून सुटतो. त्यांना प्राणवायू कमी पडू लागला की ती तसा संदेश पाठवितात. म्हणूनच लेहसारख्या उंच ठिकाणी राहणाऱ्यांच्या रक्तात तांबड्या पेशी वाढतात. जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशी वाढतात, डेंग्यूत प्लेटलेट घटतात. रक्तदानात ३५० मिलिलिटर रक्त दिले तर द्रवाची भरपाई एक-दोन दिवसांत होते, पेशींना मात्र काही आठवडे लागतात. यासाठीच पुरुषांनी ९० व स्त्रियांनी १२० दिवसांनंतरच पुन्हा रक्त द्यावे असा नियम आहे.

हे झाले सर्वांचे. पण सभासदांनी विशेष समजून घ्यावा असा बदल निराळाच आहे, आणि तो तान्ह्या बाळाच्या रक्तात होतो.

आईच्या पोटात असताना बाळाच्या पेशींत 'गर्भाचे' हिमोग्लोबिन असते. ते आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यात पटाईत असते. जन्मानंतर त्याची गरज संपते व साधारण सहा महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. ज्या बाळाला आई व वडील दोघांकडूनही सिकल सेलचा दोष मिळालेला असतो, त्याचा आजार या अदलाबदलीतच उघडा पडतो. तोवर गुटगुटीत असलेले मूल सहाव्या-सातव्या महिन्यात किरकिरू लागते, हातपाय सुजतात, अंग फिकट पडते. घरात दृष्ट काढली जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही काढली जाते, हे आपण कबूल केले पाहिजे. वास्तविक दृष्ट कोणाची लागलेली नसते. बाळाला सांभाळणारे हिमोग्लोबिन तेवढे सरलेले असते.

दोष किती लहान आहे पाहा. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात, त्यांपैकी सहावा दुवा बदललेला असतो. इंग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५६-५७ साली हे दाखवून दिले. एवढ्याने पेशी प्राणवायू सोडल्यावर कडक होऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, असह्य वेदना होतात. अशी पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसच टिकते. मगज कितीही राबला तरी ही तूट भरून निघत नाही. आज दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते, म्हणजे निसर्गाने बंद केलेले दार थोडे किलकिले करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. अंग फिकट दिसते म्हणून लोहाच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत. येथे उणीव बहुधा लोहाची नसते, आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच जास्त साठलेले असते.

विदर्भात हा दोष बौद्ध व आदिवासी समाजांत बराच आढळतो, कुणबी व तेली समाजांतही आढळतो. म्हणून कोणी याला 'जातीचा रोग' म्हणते, तेव्हा आमचा संताप होतो. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा कहर होता तेथे एकेरी दोष असलेली माणसे हिवतापातून अधिक वाचली, व दोष टिकून राहिला. त्यात कोणाचे पाप नाही.

एकेरी दोष असलेला, म्हणजे 'एएस' माणूस, सहसा निरोगी असतो व त्याला पत्ताही नसतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे, तेव्हा आमच्या वस्त्यांनी सरकारी रुग्णालयात जाऊन तपासणी स्वतःहून मागावी. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात उंची, शिक्षण, नोकरी असे रकाने असतातच. त्यांत सिकल सेल तपासणीचा एक रकाना मुलगा व मुलगी दोघांसाठी असावा, अशी आमची सूचना आहे. दोघेही 'एएस' असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब पुष्कळ घरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी चारात एक हीच शक्यता पुन्हा नव्याने असते.