झुंबर आणि पणती

२०१९ सालची गोष्ट. वसुबारसेच्या दिवशी सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, तू तिला समजाव. माझं मेलीचं कोण ऐकतंय!"

बहिणीचा हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा. तिच्या मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, डॉक्टर झाल्यावर खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी धरली, तेव्हाही तो असाच लागला होता. आता नवे निमित्त एवढेच, की पोरीला अमेरिकेतल्या कसल्याशा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. आणि एकदा अमेरिकेला गेलेले मूल परत येते कुठे? फोनकडे डोळे लावून बसलेले आईबाप आपल्या ओळखीत काय थोडे आहेत?

भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो. ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली आणि बहिणीने मला डोळ्यांनी खूण केली. मी चकलीचा तुकडा मोडत विषय काढला.

"काय गं, कसली ही शिष्यवृत्ती? आणखी एखादी पदवी का?"

"पदवी नाही, मामा. नेतृत्वाचं शिक्षण."

मला हसूच आले. आपल्याकडे शिष्यवृत्तीवाचून गल्लोगल्ली पुढारी पिकतात, तिथे हिला त्यासाठी वॉशिंग्टन गाठायचे होते! भाची मात्र हसली नाही. तिने उलट मलाच विचारले, "मामा, तुमच्या बँकेत आधी कोण गेलं? साहेब की शिपाई?"

वाचकहो, छत्तीस वर्षे मी बँकेत कारकुनी केली, पण हा हिशेब कधी मांडला नव्हता. आमचे दोन मॅनेजर अजून सकाळी बागेत फिरायला भेटतात. शिपाई तिघे होते. त्यांतल्या दोघांनी पेन्शनचा पहिला हप्ताही पाहिला नाही.

"लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ साली अशीच पाहणी सुरू झाली," ती सांगू लागली. "सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची. त्यांत बेकार कोणी नाही, उपाशी कोणी नाही. दवाखाना तर तिथे १९४८ पासून सगळ्यांना फुकट. तरीसुद्धा सगळ्यांत खालच्या पायरीवरच्यांचं मृत्यूचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. विडी-सिगारेटचा हिशेब वेगळा काढला, तरी फरक पुरता मिटेना. म्हणजे औषध पोचलं की आरोग्य पोचलं, असं नसतं, मामा."

मग जरा थांबून ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या केंद्राजवळ एक वाडी आहे. तिथलं एक मूल एकाच पावसाळ्यात तीनदा जुलाबानं आणलं. दोनदा मी बरं करून धाडलं. तिसऱ्यांदा आणायला उशीर झाला."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हे तिलाही ठाऊक नसावे.

"वाडीच्या विहिरीला कठडा नाही. गुरं आणि माणसं एकाच पाण्यावर. मी कागद लिहिला. तो ग्रामपंचायतीकडून तालुक्याला गेला, तालुक्याहून जिल्ह्याला. दहा महिने फिरला आणि 'हा विषय आपल्या खात्याचा नाही' असा शेरा घेऊन परत आला. सलाईन कसं लावायचं, हे मला पाच वर्षं शिकवलं. कठडा कसा बांधून घ्यायचा, हे कोणी शिकवलं नाही. मला तेवढंच शिकायचंय."

यावर काय बोलणार? मी मुकाट्याने तिचे कागद मागून घेतले आणि रात्री वाचीत बसलो.

या शिष्यवृत्तीमागचा माणूस मोठा विलक्षण. चक फीनी हे त्याचे नाव. विमानतळांवर करमुक्त मालाची दुकाने काढून त्याने अफाट पैसा मिळवला आणि १९८२ साली अटलांटिक फिलान्थ्रॉपीज ही संस्था काढून तो गुपचूप वाटायला सुरुवात केली. १९९७ पर्यंत जगाला पत्ता नव्हता. हाताला पंधरा डॉलरचे घड्याळ, राहायला भाड्याचे घर आणि विमानात साधा वर्ग! जिवंतपणीच सारे देऊन टाकायचे, हा त्याचा बाणा. आठशे कोटी डॉलर वाटून २०२० साली त्याने संस्थेचे दार बंद केले. २०२३ साली, ब्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. शेवटच्या मोठ्या देणग्यांतले साठ कोटी डॉलरहून अधिक त्याने दिले ते इमारतींना नव्हे, माणसांना. 'अटलांटिक फेलो' म्हणतात ते हेच. त्यांच्या सात शाखा झाल्या. आरोग्यातली विषमता हा विषय वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडे आला आणि २०१७ साली तिथली पहिली तुकडी निघाली.

कागद वाचता वाचता बहिणीच्या धास्तीला उत्तरही सापडले. ही वर्षभराची शिष्यवृत्ती नोकरी न सोडता करायची होती. मंडळी वर्षातून काही वेळा एकत्र जमत. त्यांत डॉक्टर, परिचारिका, वकील अशी नाना पेशांची माणसे असत. बाकीचा काळ आपापल्या गावी, आपापल्या कामावर.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला म्हटले, "अगं, गेलेले परत येत नाहीत, असं थोडंच आहे? रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य वॉशिंग्टनजवळच्या बाल्टिमोरलाच शिकलं आणि १९७० साली जामखेडला येऊन बसलं. अभय आणि राणी बंगही तिथेच शिकले आणि गडचिरोलीला आले."

भाचीने त्यात भर घातली. आरोळ्यांनी खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतलीच एक पुढे वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभी राहिली. छतावरच्या झगमगत्या झुंबरांकडे पाहून तिने सांगितले, की डॉक्टर या झुंबरांसारखे, देखणे पण महाग नि दूरचे. आम्ही साध्या दिव्यासारख्या. पण एका दिव्याने दुसरा लावता येतो, तसे झुंबराचे होत नाही.

बहीण काही बोलली नाही. संध्याकाळी तिनेच अर्जाचे कागद टेबलावर नीट लावून ठेवले.

भाचीची निवड झाली नाही. जगभरातून अर्ज, जागा मोजक्या. बातमी आली त्या दिवशी ती जेवली नाही, असे बहीण सांगत होती.

पण अर्जात एक काम योजून लिहायचे होते. त्यासाठी तिने वाडीतल्या बायका, सरपंच, ग्रामसेवक आणि शाळामास्तर यांना आरोग्य केंद्राच्या ओसरीवर एकत्र बसवले होते. अर्ज नामंजूर झाला, तरी ते बसणे मोडले नाही. कोणता कागद कोणत्या खात्याकडे न्यायचा, हे बायकांनीच शोधून काढले आणि चौघीजणी स्वतः तालुक्याला जाऊन बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला कठडा झाला, गुरांसाठी निराळे टाके झाले.

त्या पावसाळ्यात जुलाबाचे एकही मूल आले नाही, असे भाची म्हणत नाही. कमी आली, एवढेच म्हणते. आणि "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भर गं," असे तिला पहिल्यांदा कोणी सांगितले म्हणाल, तर आमच्या बहिणीने!